पार्लरचे पंधरा हजार: केस घरीच कापावेत, रंगवावेत का?

दशमी
दर मार्चअखेरीस मी घरखर्चाची वही घेऊन बसते. किराणा, गॅस, शाळा, औषधं हे रकाने ठरलेले. गेल्या वर्षी पहिल्यांदाच 'डोकी' असा रकाना पाडला आणि बेरीज बघून माझंच डोकं फिरलं.

नवऱ्याची कटिंग दीडशे रुपये, महिन्यातून एकदा, म्हणजे १८००. नववीतल्या मुलाची वर्षातून दहा वेळा, १५००. पाचवीतल्या मुलीचा बॉब तीनशेचा, तीनदा, ९००. माझा कट पाचशेचा, तीनदा, १५००. इथवर ठीक. पण माझ्या मुळांचं टचअप! दर सहा आठवड्यांनी बाराशे, वर्षात आठ वेळा, ९६००. एकूण १५,३००. पार्लर पुण्यातलं, साधं गल्लीतलं. एसीसुद्धा मे महिन्यातच लावतात. (सासूबाई हिशोबात नाहीत. त्यांनी सत्तरीला रंग सोडला आणि घरात सगळ्यांत देखण्या आता त्याच दिसतात.)

मग कटिंगचं मशीन आणि बरी कात्री मिळून १५०० ला आणली. रंगाची ट्यूब आणि डेव्हलपर (ट्यूबमध्ये कालवायचं, रंग चढवणारं पेरॉक्साइड) सुटे आणते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे सहा आठवड्यांत पांढरी पट्टी दीड सेंटीमीटरची. तेवढ्याला अख्खी ट्यूब कशाला? ६० ग्रॅमच्या ट्यूबमधले २० ग्रॅम काट्यावर मोजून घेते, प्लॅस्टिकच्या वाटीत कालवते, कपाळाच्या कडेला व्हॅसलीन लावते आणि फक्त भांग नि कानशिलं रंगवते. टोकांपर्यंत ओढत नाही, टोकं आधीच रंगलेली असतात. वर्षाचा रंग तेराशेत बसला. माझा कट मात्र वर्षातून दोनदा पार्लरमध्येच, १०००. मशीन धरूनही खर्च ३८००. साडेअकरा हजार वाचले.

माझं मत: मुळं रंगवायला आणि घरच्या पुरुषांची साधी कटिंग करायला बाहेर पैसे घालवणं ही सवय आहे, गरज नाही. पटतंय का?

खवचट काका
महिन्याला साडेनऊशे वाचले. अभिनंदन. आता वहीत आणखी एक रकाना पाडा: तुमचे तास. नवऱ्याची कटिंग पाऊण तास, मुलाची पाऊण तास, रुसवा काढायला अर्धा तास, बाल्कनी झाडायला वीस मिनिटं. वर पुढचे आठ दिवस वरणात केस.

शिवाय दीडशे रुपयांत नुसते केस कापले जात नाहीत. मी गेली बत्तीस वर्षं एकाच खुर्चीत बसतोय. गावातलं कोण आजारी, कुठला प्लॉट विकायचाय, कोणाच्या मुलीचं जमलं, सगळं तिथे कळतं. बायकोच्या हातात मशीन दिलं तर ती मला फक्त माझ्या चुका सांगेल.

जास्वंद
काका, पुरुषांना दीडशेत कटिंग, बातम्या आणि चंपी. मी स्वतःचे केस तुमच्यासारखेच आखूड ठेवते, तरी लेडीज म्हणून चारशे. विचारलं तर उत्तर, "मॅडम, तुमचा वॉश असतो." वॉश नको म्हटलं तर म्हणे पॅकेज फोडता येत नाही. शेवटी नवऱ्याबरोबर त्याच्या सलूनमध्ये जायला लागले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पेपरात डोकी घातली, आता सवय झालीय. दशमी, हाही एक मार्ग आहे, वही मशीनशिवायही हलकी होते.

आधी_टेस्ट
कापण्याबद्दल काय वाद घालायचा तो घाला, मला रंगाबद्दल बोलायचंय.

माझ्या आईने भाचीच्या लग्नाआधी घरी 'काळी मेंदी' लावली. मेंदी म्हणजे नैसर्गिक, अशी समजूत. दुसऱ्या दिवशी कपाळ लाल, तिसऱ्या दिवशी डोळे सुजून बंद. लग्नाच्या प्रत्येक फोटोत ती गॉगल लावून आहे. डॉक्टरांनी पाकीट मागवून घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं: पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी. काळ्या-तपकिरी रंगांत बहुतेक वेळा हेच असतं. मेंदीची पानं कधीच काळा रंग देत नाहीत, केशरी-तांबूसच देतात. 'दहा मिनिटांत काळे' असं लिहिलेली मेंदी म्हणजे मेंदीच्या पुडीत भरलेला डाय.

आणि 'अमोनिया फ्री' वाचून निर्धास्त होऊ नका. अमोनिया नसला की वास कमी येतो. पीपीडीचा त्याच्याशी संबंध नाही, तो त्यातही असू शकतो.

कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, दर वेळी. दहा वर्षं चाललेला रंग अकराव्या वर्षी अंगावर उठू शकतो, आईचं तेच झालं. दशमी, तुम्ही ग्रॅम मोजता, व्हॅसलीन लावता, सगळं लिहिलंत. टेस्टचा शब्द नाही.

दशमी
@आधी_टेस्ट, खरं सांगते, पहिल्यांदा केली होती, नंतर नाही. पण पार्लरमध्येही गेल्या सहा वर्षांत मला कोणी कानामागे थेंब लावून परत पाठवलेलं नाही. मग हा मुद्दा घरच्या रंगाविरुद्ध कसा?

आधी_टेस्ट
विरुद्ध नाहीच. पार्लरवाल्या करत नाहीत ही त्यांची चूक. पण घरी रविवारी सकाळी दहाला लहर येते आणि साडेदहाला डोक्यावर रंग असतो. शुक्रवारी थेंब लावा एवढंच म्हणणं.

कात्री_कंगवा
घरचं दुकान आहे, सातारा रोडला, तीन खुर्च्या. म्हणून बोलतो, राग मानू नका.

दीडशेतले पंचाहत्तर कारागिराचे. निम्म्या वाट्यावरच काम करतात पोरं. उरलेल्यात गाळ्याचं भाडं, लाईट, नवीन ब्लेड, टॉवेल धुणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तेव्हा चार गिऱ्हाईकं विचारत आली, "आता कटिंग स्वस्त का?" अहो, वर्षाला वीस लाखांच्या आतल्या दुकानाला तो लागतच नव्हता, कमी कुठून करू? मोठ्या एसी सलूनच्या बिलावर बघा तो.

पण दशमीताई, तुमचं निम्मं बरोबर आहे. मुळं घरी रंगवा. मी रंग लावतो त्यात माझं कसब दहा टक्के, बाकी ट्यूबचं. हायलाइट किंवा आधीचा रंग काढणं वेगळं, तिथं हात घालू नका. केस कापणं मात्र शिकावं लागतं. मला कानामागचं वळण जमायला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मी फुकट डोकी शोधत होतो.

खवचट काका
फुकट डोकी इथे भरपूर मिळाली असती.

ज्वारीची_पायली
आमच्या आजोबांच्या काळात हा हिशोबच नव्हता. सुगीला खळ्यावर नाभिकाला ज्वारीच्या पायल्या मोजून द्यायच्या, की वर्षभर घरातल्या सगळ्या पुरुषांची हजामत. आजच्या भाषेत वार्षिक सबस्क्रिप्शन. किती छान व्यवस्था होती!

कात्री_कंगवा
छान तुमच्या बाजूने. माझे पणजोबा मोजून घेणाऱ्या बाजूला होते. पीक कमी आलं की पायल्या कमी, डोकी मात्र तेवढीच. तक्रार करायची सोय नव्हती. दुकान टाकून भिंतीवर दरपत्रक लावलं, तेव्हा कुठं आमचा भाव आम्ही ठरवायला लागलो. म्हणून बलुत्याचे गोडवे नकोत, दीडशे रोख बरे.

ज्वारीची_पायली
खरं आहे. हा विचार केला नव्हता.

श्टुटगार्टची सून
तुम्ही दीडशेवर भांडताय! इथे जर्मनीत बाईच्या कटला पन्नास युरो सहज जातात. दरपत्रकात धुणं, कापणं, वाळवणं यांची वेगवेगळी गणितं. एक ओळ मला फार आवडते: 'केस स्वतः वाळवल्यास' दर कमी. हातात ड्रायर देतात आणि आपण आरशासमोर स्वतःला वाळवत बसतो, पैसे देऊन. नवऱ्याची कटिंग मी २०२० पासून घरीच करते. पुण्याला आलो की सगळे आधी सलूनमध्ये जातो, मग नातेवाइकांकडे.

नीळकंठी
मेंदीवर अन्याय होतोय, म्हणून लिहिते. साधी मेंदी आणि नीळ अशी दोन टप्प्यांत लावली तर पीपीडीशिवाय काळसर तपकिरी रंग येतो. मेंदी रात्री चहाच्या पाण्यात भिजवायची, सकाळी दोन-तीन तास लावायची, धुऊन टाकायची. मग नीळ, म्हणजे इंडिगोची पूड. ही भिजवून ठेवायची नाही, कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवली की पंधरा-वीस मिनिटांत लावायला घ्यायची. तासाभराने धुवायची. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसते, घाबरू नका, एक-दोन दिवसांत गडद होते. शाम्पू दोन दिवस नाही. दोन्ही पुड्या मिळून दीडशे-दोनशे रुपये. आमच्या मोरीतली एक फरशी कायमची निळी झालीय, तो खर्च धरलेला नाही.

जास्वंद
आणि अर्धा दिवस डोक्याला पिशवी बांधून फिरायचं. बेल वाजली की नेमका कुरिअरवाला.

नीळकंठी
तो आता ओळखतो मला. पिशवी नसली की विचारतो, ताई घरात नाहीत का?

दशमी
सगळं वाचलं. एक कबुली द्यायची राहिली, वहीत ती नव्हती.

गेल्या महिन्यात मुलाला मागच्या बाल्कनीत स्टुलावर बसवलं, जुनी चादर चिमट्यांनी मानेला लावली आणि मागून मशीन फिरवायला घेतलं. डाव्या कानामागे मशीनला लावलेला नंबर तीनचा कंगवा टक् करून निसटला. मला कळलंच नाही, हात तसाच वर गेला. दोन बोटं रुंद पांढरी सडक. त्याने मागे हात लावून बघितला आणि एक शब्द बोलला नाही. दहा दिवस शाळेत टोपी घालून गेला. या रविवारी केस कापून घरी आला, स्वतःच्या खाऊच्या पैशांनी. विचारलं, कुठे गेलास? तर म्हणाला, "बाबांच्या खुर्चीत."

तर त्याचे १५०० मी परत रकान्यात घातलेत. वाचले दहा हजार. मुळं घरीच. आज शुक्रवार, कानामागे थेंब लावलाय. नवरा मात्र मशीनवर खूश आहे, त्याला मागचं दिसत नाही. @कात्री_कंगवा, त्याच्यापुरतं तरी सांगा, कंगवा निसटू नये म्हणून काय करायचं?

कात्री_कंगवा
कंगवा बसवला की चालू करायच्या आधी अंगठ्याने मागून ढकलून बघा, हलला तर काढून परत बसवा. दात्यात केस अडकले असले तर तो पूर्ण बसत नाही, दर दोन-तीन मिनिटांनी ब्रश मारा. एकदम तीनवर जाऊ नका, सगळीकडे चार फिरवा, तो बारा-तेरा मिलिमीटर ठेवतो. मग फक्त कानाखाली तीन. मशीन खालून वर न्या आणि डोक्याच्या गोलाईला हात बाहेर काढून घ्या, आत दाबू नका.

मानेवरची रेघ काढू नका. ती काढायला साहेबांना इकडं पाठवा, वीस रुपये घेईन. सोमवारी दुकान बंद असतं.