चांदीपुराचे मेसेज ग्रुपवर थांबवायचे कसे?

दांडिया_बाजार_आई: सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून तेच चाललंय, चांदीपुरा हा व्हायरसचा आजार हवेतून पसरतो, मुलांना शाळेत पाठवू नका, कोणी म्हणतं चिकन बंद करा. शेजारच्या काकूंनी तर नातवाला दोन दिवस खिडकीपण उघडू दिली नाही. खरं काय ते कोणी नीट सांगेल का? आणि ग्रुपवर काय लिहू?

वाडीचा_दादा: ताई, तो सँडफ्लाय म्हणजे वाळूमाशी चावल्याने होतो, खोकल्या-शिंकण्याने नाही. 1965 ला नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव. 2024 च्या पावसाळ्यात आपल्या गुजरातेत किती लहान मुलं गेली, विसरलात का सगळे!

रावपुरा_नर्स: "घाबरू नका" एवढंच लिहू नका हो, त्याने कोणाचंच समाधान होत नाही आणि आजार खरंच जीवघेणा आहे. लस नाही, खास औषध नाही, हे सरळ लिहा, लोक ऐकतात. पण लगेच पुढे काय करायचं तेही लिहा: एकदम जोराचा ताप, उलट्या, झटके किंवा मूल गुंगीत दिसलं तर घरी पट्ट्या ठेवत बसू नका, तडक 108 ला फोन, कारण काही तासांतच मूल बेशुद्ध पडू शकतं. ही माशी डासापेक्षा बारीक असते, भिंतीच्या भेगांत, ओलसर अंधाऱ्या कोपऱ्यात राहते, तेव्हा भेगा लिंपा, बारीक जाळीची मच्छरदाणी लावा. आणि मेसेज गुजरातीतपण टाका, वॉचमनची मुलं तळमजल्यावरच झोपतात, त्यांना आधी सांगा.

दांडिया_बाजार_आई: हो ताई, वॉचमनकडे मी स्वतःच जाते आता.