हेवी मेटल ऐकणारे साधक आहेत का इथे? (अनुभव लिहा)

मंद्रसप्तक

बर्मिंगहॅमच्या त्या निरोपाच्या कॉन्सर्टचे (५ जुलै २०२५) तुकडे परवा पुन्हा समोर आले. पार्किन्सन्समुळे उभं राहवत नाही, म्हणून काळ्या सिंहासनावर बसलेला ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बॉर्न, आणि तशा अवस्थेतही समोरच्या गर्दीला चेव आणतोय. त्यानंतर २२ जुलैला गेलाच तो. बघता बघता पायाने आपोआप ठेका धरला आणि कॉलेजची सगळी वर्षं वर आली. कानाला हेडफोन, सैल तारांच्या गिटारचा तो जड आवाज आणि आत एक प्रकारची शांतता. हो, शांतताच.

पुढे अनुग्रह घेतला. सत्संगातल्या ज्येष्ठांनी सांगितलं, असलं तामसी काही ऐकत राहिलीस तर जप वरवरचा राहील. वाद घातला नाही, ऐकणं बंद केलं. आता त्या व्हिडिओपासून माळ हातात घेतली की मागे रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी ओळ) सुरू. आणि जप तुटत नाहीये, उलट लय धरतोय! हे बरं की वाईट ते कळेना.

तुमच्यात कोणी दोन्ही करतं का? ऐकून लगेच बसलं तर ध्यान कसं होतं? राग, झोप, एकाग्रता, काय फरक पडतो? स्वतःचं लिहा, प्रवचन नको :)

अर्धविराम

दोन्ही करतो. सकाळी ध्यान, संध्याकाळी व्यायामाला डेथ मेटल (हेवी मेटलचाच जास्त उग्र प्रकार). दोघं एकमेकांना ओळख दाखवत नाहीत. बास.

खिडकीपाशी

कुकर होईपर्यंत लिहिते.

राग वगैरे काही वाढत नाही माझा. त्रास एकच, रिफ चिकटतो. शब्द विसरतात, गाणं कुणाचं तेही विसरतं, पण ती चार सुरांची ओळ डोळे मिटले की हजर. मंत्रापेक्षा चिवट. माझ्यापुरतं लक्षात आलंय ते असं की साधे, गुणगुणता येणारे रिफच चिकटतात. मेशुगा हा बँड ऐकून बसले तर काही उरत नाही, कारण ते गुणगुणताच येत नाही. ड्रमरचा एक हात सरळ चार मात्रा मोजत असतो, गिटार आणि पायाचा ड्रम वेगळ्याच लांबीची आवर्तनं घेतात आणि बऱ्याच वेळाने सगळे एकदम समेवर येतात. ती सम पकडायचा प्रयत्न करताना दुसरा विचार शिरायला जागाच नसते. माझं अर्धं ध्यान तिथेच होतं म्हणा ना.

आणि गाणं मध्येच तोडलं तर जास्त चिकटतं. शेवटपर्यंत ऐकून मग उठायचं.

शिट्टी झाली, येते.

तीनशेसाठ

@मंद्रसप्तक, तुझ्या डोक्यात कोणता रिफ आहे ते ओळखलं बहुतेक. ऑझीच्या बँडचा, १९७० चा, बँडच्याच नावाचं गाणं 'ब्लॅक सॅबथ', बरोबर? सा, वरचा सा आणि मग थरथरणारा तीव्र म. पाश्चात्त्य लोक ज्या अंतराला सैतानी म्हणत आले ते हेच. तंबोऱ्याचा सा चालू ठेवून तीव्र म लावून बघ. यमनात तो रोज भेटतो आणि कुणाचा जप बिघडत नाही! तिथे पुढे प येऊन सगळं शांत करतो. इथे तो प कधी येतच नाही, तीव्र म वर सोडून देतात. धास्ती वाटते ती त्या लटकण्याची. स्वर तामसी नसतो, त्याला कुठे नेऊन सोडता त्यावर आहे, असं माझं ठाम मत (गाण्याची शिकवणी घेतो, त्यामुळे थोडी खाज आहे, माफी असावी).

मंद्रसप्तक

बरोब्बर तोच! प येत नाही हे आत्ता हार्मोनियमवर करून पाहिलं. अंगावर काटा.

जुनापुराणा

स्पष्ट लिहितो, राग नसावा. इथे सगळे समर्थन शोधत आहेत. मी तरुणपणी भरपूर ऐकलं आहे, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. रात्री उशिरापर्यंत ऐकून झोपलो की सकाळच्या बैठकीला छाती धडधडलेली. माळ फिरायची, मन नाही. घरच्यांवर विनाकारण खेकसायचो. सोडल्यावर फरक पडला. साधनेत पथ्य असतं, ते कुणी लादलेलं नसतं. डॉक्टरने सांगितलं तर पाळता, गुरूने सांगितलं की पुरावा विचारता!

अर्धविराम

काका, रात्री उशिरापर्यंत बातम्या बघितल्या तरी सकाळी असंच होतं हो.

जुनापुराणा

बातम्याही सोडल्या आहेत.

अर्धविराम

साष्टांग दंडवत __/\__

लघुगुरू

काकांच्या धडधडीवरून एक आठवलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास झाला होता. १८ ते ३४ वयाचे, मुळातच हे संगीत ऐकणारे ३९ जण. आधी त्यांना संताप आलेले प्रसंग आठवायला लावले. मग निम्म्यांना १० मिनिटं आपापली आवडती जड गाणी, बाकीच्यांना १० मिनिटं नुसती शांतता. चिडचिड आणि ताण दोन्ही गटांत उतरला. म्हणजे गाण्याने राग भडकला नाही. पण शांत बसलेल्यांच्या हृदयाचे ठोके खाली आले, गाणी ऐकणाऱ्यांचे वर गेलेले तसेच राहिले.

माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. ऐकून झाल्यावर मन मोकळं असतं, शरीर मात्र अजून पळत असतं. लगेच आसनावर बसलं तर पाय वळवळतात, श्वास वरच्या वर. मधे अंघोळ, केर, भांडी काहीही, मग बसलं तर बैठक नेहमीपेक्षा चांगली होते कारण कुढणं संपलेलं असतं. अर्थात ३९ माणसं, तीही आधीच भक्त, त्यामुळे सगळ्यांना लावू नका. माझ्या बायकोला पहिल्या मिनिटातच डोकेदुखी होते.

झिपऱ्या

तामसी म्हणणाऱ्यांसाठी: क्रो-मॅग्जचा १९८६ चा पहिला अल्बम बघा. हार्डकोर (आक्रमक पंक) बँड आणि आत कृष्णभक्ती. सिंगापूरचा रुद्र बँड १९९२ पासून डेथ मेटलमध्ये वेदान्त वाजवतोय, ब्रह्मविद्येवर तीन अल्बम आहेत. सैतानी गाण्यांच्या स्लेयर बँडचा गायक टॉम अराया कॅथलिक. इटलीत एक कापुचिन संन्यासी चक्क झग्यात, पांढऱ्या दाढीसह मेटल गायचे, २००८ ला तिथल्या मोठ्या मेटल महोत्सवात उभे राहिले होते. आणि सन ओ या बँडवाले झगे घालून धुरात एकेक सूर मिनिटभर धरतात, ती तर समाधीच

खिडकीपाशी

अनुभव लिही की रे, यादी कसली.

झिपऱ्या

माझी साधना म्हणजे आठवड्यातून एकदा बसायचं आणि झोप लागायची. त्यावर मेटलचा परिणाम झालेला नाही.

कानसेन

माझं जरा वेगळं आणि लांब आहे.

बरीच वर्षं बँडसाठी ध्वनिव्यवस्था सांभाळली, मोठ्या स्पीकरच्या बाजूला उभं राहून. मग ध्यानाकडे वळलो. गटात सगळे अनुभव सांगत होते, मी म्हटलं मला शांत बसलं की उजव्या कानात बारीक, उंच, अखंड सूर येतो. एकदम वातावरण बदललं. एक ज्येष्ठ साधक भारावून म्हणाले, अनाहत नाद (आघाताशिवाय आतून ऐकू येणारा)! एवढ्या लवकर! दोघांनी नमस्कारही केला. मला कॉन्सर्टनंतरची शिट्टी चांगली ओळखीची होती, त्यामुळे सरळ कानाच्या डॉक्टरांकडे. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात) ४००० हर्ट्झपाशी खड्डा. आवाजाने गेलेल्या कानाची ही खास खूण. आणि ती शिट्टी म्हणजे टिनिटस.

हठयोगप्रदीपिकेत नादाचं वर्णन आहे. सुरुवातीला समुद्र, मेघगर्जना, नगारा. मधे शंख, घंटा. शेवटी बासरी, वीणा, भुंगा. स्थूलाकडून सूक्ष्माकडे. माझा आपला एकाच पट्टीत बसलाय, पुढे सरकायचं नाव नाही.

तर जड संगीताचा साधनेवर परिणाम विचारलात ना, माझ्यावर झालेला हा असा, आणि त्यात सत्त्व-रज-तम काही नाही. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि कॉन्सर्ट तर त्याच्याही वर जाते. पूर्ण शांततेत बसणं हा प्रकार आता माझ्यासाठी उरलेला नाही. पहिले काही महिने त्या शिट्टीशी भांडत बसायचो. आता तिलाच आलंबन केलंय, श्वासाऐवजी तिच्यावर लक्ष. गंमत म्हणजे भांडणं थांबल्यावर ती जाणवते कमी. ऐकणं सोडलेलं नाही, आवाज कमी केलाय. लहान मुलं वाचत असतील तर कान सांभाळा रे.

अर्धविराम

अनाहत कसला, चांगलाच आहत आहे :)

कानसेन

हा हा. त्या ज्येष्ठांना ऑडिओग्राम दाखवला, ते म्हणाले यंत्राला काय कळणार.

उंबरठा

दहा दिवसांच्या विपश्यनेला गेले होते. बोलणं बंद, वाचन बंद, संगीत अर्थातच बंद. सुरुवातीच्या दिवसांत डोक्याने अख्खे अल्बम वाजवले, दोन गाण्यांमधल्या शांततेसकट. नंतर नंतर विरळ झालं आणि त्याच्याबरोबर जुने राग वर आले. कुठल्या गाण्याला कुठला राग बांधलेला होता ते लख्ख दिसायला लागलं. हे गाणं त्या नोकरीचं, ते गाणं त्या माणसाचं. ही जोडणी मला आधी माहीतच नव्हती.

परत आल्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं नीट ऐकूच आलं नाही, शरीरच ऐकत होतं. पायाच्या ड्रमचा धक्का छातीत, मानेवर शहारा, पोटात आवळ. उठतंय, जातंय. तेव्हापासून वाद्यांचं सगळं ऐकते. पण ज्यांचे शब्द नुसता द्वेष ओततात ते दोन-तीन बँड आपोआप सुटले. सोडले नाहीत, मजा येईना. आवाजाने काही होत नाही, शब्द मात्र बसतात कुठेतरी. माझ्यापुरतं.

जुनापुराणा

हे पटलं. शब्दांचं मीही म्हणतो.

झिपऱ्या

शब्द कळतात कुणाला त्यात :ड

आई_रजेवर

झिपऱ्या, मला कळायला लागलेत हो!! मुलगा ग्रोल (मेटलमधलं घोगरं, गुरगुरणारं गाणं) शिकतोय. बंद खोलीतून असे आवाज की मी जप सोडून दार ठोठावायची. मी प्राणायाम शिकवते, म्हटलं एकदा समोर करून दाखव. खांदे अजिबात हलत नाहीत, श्वास खोल, सोडताना पोटाचा आधार, घसा मोकळा. माझ्या वर्गातले निम्मे लोक इतकं नीट करत नाहीत. म्हणाला खऱ्या स्वरतंतूंवर जोर द्यायचाच नाही, त्यांच्या वरच्या ज्या घड्या असतात त्या कंपवायच्या. नंतर कळलं की तिबेटी भिक्षू ज्या खोल, खर्जाच्याही खालच्या आवाजात मंत्र म्हणतात त्यातही याच घड्या कामाला येतात. म्हणजे एकाच घरात एकाच घशाचे दोन पंथ.

भिंतीवरच्या कवट्यांवरून बोलले तर म्हणतो, तुझा शंकर कुठे बसतो गं? काय बोलणार.

खिडकीपाशी

आई_रजेवर, मुलगा हुशार आहे, जपा :)

सावलीतली

पहिल्यांदाच लिहितेय. बाबा गेले तेव्हा नाम तोंडात येईना. बसले की चीड यायची, हाक मारायची कुणाला आणि कशाला. लोक भजनं पाठवायचे, ती तर सहनच व्हायची नाहीत, सगळं गोड गोड. भावाने डूम मेटल लावून दिलं. अतिशय संथ, एकेक गाणं वीस मिनिटांचं, काही समजावत नाही, धीर देत नाही. त्यात रडता आलं. बरेच महिने तीच माझी बैठक होती, अंधारात आडवं पडून. मग एक दिवस नाम आपलं आपण परत सुरू झालं. कुणाला सांगितलं नव्हतं कारण सांगितलं असतं तर म्हणाले असते म्हणूनच लांबलं तुझं दुःख.

मंद्रसप्तक

सावलीतली, लिहिलंस ते बरं केलंस. काही लांबलं नाही.

जुनापुराणा

ताई, आपली साधना सुटली नव्हती. माझ्या आधीच्या प्रतिसादातला सूर आपल्यासाठी नव्हता.

लघुगुरू

+१

खिडकीपाशी

@कानसेन, इअरप्लग कुठल्या प्रकारचे घालायचे? फोमचे घातले की सगळं गादीखालून वाजतंय असं वाटतं.

कानसेन

फोम वरचे सूर जास्त खातो म्हणून. संगीतासाठी वेगळे मिळतात, ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच कमी करतात. आणि स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका.

झिपऱ्या

ड्रमरने काय करायचं मग, लांब उभं राहून वाजवायचं?

कानसेन

प्लग घालून वाजवायचं. माझा मित्र घालायचा नाही, आता त्याच्याशी फोनवर ओरडून बोलावं लागतं.

रटाळ

कुणाकडे डबल पेडल (पायाचा ड्रम दोन्ही पायांनी वाजवायचं) पडून असेल तर सांगा, वाजवायचं सोडलेल्या साधकांचं स्वस्तात मिळेल असं वाटतंय.

मंद्रसप्तक

रटाळ, खरेदी-विक्रीचा धागा वेगळा आहे हो. आणि माझं आहे, पण विकणार नाही.