आवडतं पुस्तकांचं दुकान पुन्हा उघडलंय, पण आत गेल्यावर परकं वाटलं

पानोपानी:
मंडळी, माझं अगदी जिव्हाळ्याचं पुस्तकांचं दुकान बरेच दिवस बंद होतं, ते आता पुन्हा उघडलंय. चेनवालं नाही हं, मालक स्वतः निवडून पुस्तकं आणतात असं. परवा मुद्दाम वेळ काढून गेले, आनंद तर झालाच, पण आत गेल्यावर मन कसंनुसं झालं. पूर्वी छतापर्यंत कपाटं, खालच्या फळीवरचं बघायचं तर उकिडवं बसायला लागायचं, आणि तिथेच काहीतरी भन्नाट हाती लागायचं. आता मधोमध मोठं टेबल, भिंतीवर कव्हर समोर दिसेल अशी मांडलेली पुस्तकं, कोपऱ्यात कॉफी, वह्या, पिशव्या, मग. कवितेचा अख्खा रॅक होता, तो दोन फळ्यांवर आलाय. तो वासही नाही राहिला. दुकान चालावं असं मनापासून वाटतं, म्हणूनच विचारतेय, असं पुन्हा उघडलेलं दुकान परत आपलं वाटायला लागतं का? कुणाला अनुभव आहे?

जुनी_जिल्द:
मी काही वर्षं पुस्तकांच्या दुकानात काम केलंय म्हणून सांगतो, पहिल्या महिन्यातल्या फळ्या बघून निराश होऊ नका. दुकान बंद होतं तेव्हा न विकलेला बराच माल प्रकाशकांना, वितरकांना परत जातो, कारण पुष्कळ पुस्तकं विकली नाहीत तर परत घेण्याच्या बोलीवरच आलेली असतात. परत उघडताना हातातलं भांडवल आधी नव्या पुस्तकांत जातं, ती लवकर हलतात. जुनी, वर्षाकाठी एखादी प्रत खपणारी पुस्तकं मागाहून हळूहळू भरली जातात, आणि कविता नेमकी त्यात येते. कव्हर समोर ठेवलं की कणा दाखवून लावलेल्या चार-पाच पुस्तकांची जागा एकच खातं, पण गिऱ्हाइकाचा हात तिकडेच जातो हेही खरं. वह्या-मगांचं म्हणाल तर त्यावर सुटणारा पैसा पुस्तकापेक्षा जास्त असतो, भाडं बऱ्याचदा त्यातून निघतं आणि त्याच जोरावर ती कवितेची फळी टिकते. मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

शाईचा_डाग:
वासाचं सांगते. जुन्या कागदातलं लिग्निन आणि सेल्युलोज (लाकडातून कागदात आलेली द्रव्यं) वर्षानुवर्षं विघटित होत राहतं, त्यातून व्हॅनिलासारखा गोडसर वास सुटतो. तुम्हाला आत्ता आला असेल तो नव्या प्लायचा, रंगाचा. नव्या पुस्तकांना तो जुना वास येणारच नाही, कोपऱ्यात सेकंडहँड पुस्तकं ठेवायला लागले तर येईल. मालकांना सुचवून बघा ना!

भटका_वाचक:
दुकानाचा जीव जागेत किंवा कपाटात नसतो असं माझं ठाम मत आहे. पॅरिसचं शेक्सपिअर अँड कंपनीच घ्या, सिल्विया बीचने १९१९ ला सुरू केलं, दोनेक वर्षांत दुसऱ्या रस्त्यावर नेलं, आणि जर्मन सैन्य शहरात असताना १९४१ ला ते बंद पडलं ते पडलंच. आज लोक जिथे गर्दी करतात ते दुकान जॉर्ज व्हिटमनने १९५१ मध्ये वेगळ्याच नावाने उघडलेलं, बीचबाईंच्या सन्मानार्थ नाव बदललं १९६४ ला. म्हणजे जागा वेगळी, मालक वेगळा, तरी लोकांनी ते आपलं मानलंच, कारण पुस्तकं हाताळत बसलेल्या माणसाला तिथे कुणी उठवत नव्हतं. तुमच्या दुकानात अजून तसं बसू देतात का, ते बघा आधी.

पानोपानी:
बसू देतात हो! तासभर होते, कुणी हटकलं नाही, उलट काउंटरवरच्या मुलीने स्टूल आणून दिलं. माल परत जातो हे माहीतच नव्हतं मला, मला वाटलं कविता मुद्दामच कमी केली.

जुनी_जिल्द:
मग आता एक करा, हव्या असलेल्या चार-पाच कवितासंग्रहांची नावं लिहून त्यांच्याकडेच ऑर्डर द्या, घरबसल्या मागवू नका. आयएसबीएन नंबर, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक, असेल तर तोही द्या, नेमकी आवृत्ती सापडते. लोक काय मागतात त्यावरच पुढची खरेदी ठरते, दोन-तीन जणांनी एकच कवी मागितला की एक प्रत जास्तीची मागवली जाते, आम्ही तरी तसंच करायचो.

पानोपानी:
यादी करायला घेतलीये, शनिवारी देऊन येते. सेकंडहँड कोपऱ्याचंही विचारते, माझीच दोन खोकी आहेत द्यायला.