अमेरिकेतल्या मधल्या साइजच्या शहरात चालतं कुणाचं? महापौराचं की मॅनेजरचं?

मुलुंडचा_नाना

नमस्कार मंडळी. लेक-जावई नेपरव्हिलला असतात, शिकागोजवळ. यंदा तीन महिने तिकडे होतो. वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आमच्या मुलुंडच्या निम्मीसुद्धा नाही. घरात बसून कंटाळा आला म्हणून एका मंगळवारी संध्याकाळी जावई म्हणाले चला बाबा, आमच्या महापालिकेची मीटिंग दाखवतो. गेलो. ना पास ना ओळख, सरळ आत. नऊ लोक बसलेले, मध्ये महापौर. आरडाओरडा नाही, कुणी राजदंडाकडे धावलं नाही, आणि खरं सांगायचं तर कोण कुठल्या पक्षाचा तेही शेवटपर्यंत कळलं नाही. ढीगभर विषय एकदम एका मतदानात पास झाले, मला वाटलं संपलं, तर नाही, मग लोकांना बोलायला दिलं, प्रत्येकी तीन मिनिटं. एक आजी उभ्या राहिल्या, झाडाच्या मुळांनी घरासमोरचा फुटपाथ उचललाय म्हणून. पण गंमत अशी की आजी बोलल्या महापौरांकडे बघून आणि महापौरांनी मान वळवली ती बाजूला बसलेल्या एका सुटातल्या माणसाकडे. तो म्हणाला पुढच्या मीटिंगला माहिती देतो. जावई म्हणाले हा सिटी मॅनेजर, शहर हाच चालवतो.

तर प्रश्न असा की मग निवडून आलेले नऊ जण करतात काय? आणि हा मॅनेजर म्हणजे आपला आयुक्तच ना?

परळ_ते_प्लेनो

नाना, मी टेक्ससमधल्या प्लेनोला अकरा वर्षं काढली, आता परत परळला. तिथेही हेच, याला कौन्सिल-मॅनेजर पद्धत म्हणतात (कौन्सिल म्हणजे ते निवडून आलेले) आणि मधल्या शहरांत हीच जास्त दिसते. सोसायटीचं उदाहरण घ्या. कमिटी निवडून येते, मेंटेनन्स किती घ्यायचा, लिफ्ट बदलायची की रंग लावायचा हे कमिटी ठरवते, पण पंप कमिटी चालवत नाही, त्याला पगारी मॅनेजर असतो. तिकडे तेच, फक्त मॅनेजर शिकलेला, बहुतेक वेळा याच विषयात डिग्री घेतलेला, आणि आधी दोन-तीन गावं चालवून आलेला. खातेप्रमुख तो नेमतो, बजेटचा मसुदा तो आणतो, मंजूर करायचं कौन्सिलने. टॅक्सचा दर, शहराचे कायदे, कुठल्या प्लॉटवर काय बांधायचं, ही मतं कौन्सिलची. महापौराला पण एकच मत. बाकी मान त्याचा, फीत कापायला तोच.

पक्ष दिसला नाही कारण तिथे ही निवडणूक बिनपक्षाची, मतपत्रिकेवर चिन्हच नसतं. आणि नेपरव्हिलला वॉर्डच नाहीत, सगळे अख्ख्या शहरातून निवडून येतात. मध्यंतरी 2010 मध्ये लोकांनी वॉर्ड करायला मत दिलं होतं आणि 2013 मध्ये परत मत देऊन तो निर्णय फिरवला, त्यामुळे ‘आमचा नगरसेवक’ ही भानगडच नाही. मेंबर लोक स्वतःची नोकरी-धंदा सांभाळून हे करतात, म्हणून तर मीटिंग संध्याकाळी सातला.

एकदम पास झालेले विषय म्हणजे कन्सेंट अजेंडा. बिलं, किरकोळ कंत्राटं, ज्यावर कुणाचा वाद नाही असे. कुणा मेंबरने बोट ठेवलं की तो विषय बाहेर काढून वेगळी चर्चा.

अजून एक. शाळा कौन्सिलकडे नसतात. शाळांचं वेगळं बोर्ड, नेपरव्हिलला बागांचं पण वेगळं बोर्ड, वर काऊंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, ती वेगळी. जावयांना प्रॉपर्टी टॅक्सचं बिल दाखवायला सांगा, सगळ्यात मोठा घास शाळा घेते, सिटीच्या वाट्याला त्यामानाने थोडं. पण वीज मात्र नेपरव्हिलची स्वतःची, आपल्या बेस्टसारखी.

वॉर्डात_तीस_वर्षं

महापालिकेत नोकरी केली, रिटायर झालो, म्हणून आयुक्तांबद्दल मी बोलतो. नाना, वरून बघितलं तर मॅनेजर आणि आयुक्त सारखेच दिसतात, दोघंही न निवडलेले, फाइल दोघांकडेच जाते. पण दोघांना नेमतो कोण ते बघा ना. तुमच्या मॅनेजरला त्या नऊ जणांनी मुलाखत घेऊन ठेवलाय, पटलं नाही तर पाच मतांत घरी. आपला आयुक्त आयएएस, पाठवतं राज्य सरकार, परत बोलावतंही तेच. मुंबईचा 1888 चा कायदा आहे, त्यात नगरसेवकांच्या पाच-अष्टमांश मतांनी आयुक्ताला हटवायची सोय आहे, पण 227 च्या सभागृहात एवढी मतं कोण आणि कधी जमवणार. नवी मुंबईत ऑक्टोबर 2016 ला तिथले तेव्हाचे आयुक्त तुकाराम मुंढेंविरुद्ध अविश्वास ठराव भरभक्कम मतांनी पास झाला होता आठवतंय का? काय झालं? सरकारने त्यांना तिथेच ठेवलं, बदली पुढच्या वर्षी, सरकारला वाटली तेव्हा. मुंढे बरोबर का नगरसेवक बरोबर तो वाद वेगळा, मी त्यात पडत नाही, मी फक्त किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते सांगतोय.

आणि मार्च 2022 ला आपल्या मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर नगरसेवक नव्हते तरी शहर चाललंच ना? कचरा उचलला, बजेट मांडलं, बजेट मंजूर करणारा पण आयुक्तच, प्रशासक म्हणून. नेपरव्हिलमध्ये कौन्सिल नसेल तर मॅनेजरला हुकूम द्यायलाच कुणी नाही.

गिरगावची_सुमा

झालं का अमेरिकेचं आरती-ओवाळणं 😄 कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या बाजूला बेल नावाचं छोटं गरीब गाव आहे, 2010 मध्ये पेपरने बाहेर काढलं की तिथला मॅनेजर वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेतोय, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पगाराच्या दुपटीच्या आसपास!! आणि कौन्सिलवाल्यांनीपण स्वतःचे पगार फुगवून घेतलेले. मॅनेजर पुढे तुरुंगात गेला. हे झालं कसं तर 2005 मध्ये गावाचा चार्टर, म्हणजे गावाची घटना, बदलायला मतदान घेतलं, पगाराची मर्यादा त्यातून सुटली, आणि मत द्यायला आले किती तर चारशेसुद्धा नाही. म्हणजे पद्धत कितीही शहाणी असू दे, मीटिंगला रिकाम्या खुर्च्या असतील तर नऊ जण आणि मॅनेजर मिळून काय वाटेल ते करतील. नाना तुमच्या मीटिंगला लोक किती होते ते सांगा आधी.

मुलुंडचा_नाना

सुमाताई, मी आणि जावई धरून वीसेक असतील. त्यातले निम्मे आपला विषय झाला की उठून गेले.

परळ_ते_प्लेनो

सुमाताईंचा मुद्दा मान्य, तिकडे गावच्या निवडणुकीला मतदान कमीच होतं, राष्ट्राध्यक्षाच्या वेळची गर्दी तिथे दिसत नाही. पण बेलसारखं होऊ नये म्हणून काही कुलपं लावलेली आहेत. इलिनॉयच्या कायद्यात अजेंडा 48 तास आधी लावावा लागतो, त्यात नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. आणि यातलं भारी म्हणजे नऊ जणांच्या कौन्सिलमधले तिघं जरी शहराच्या कामावर बोलायला एकत्र बसले तरी ती मीटिंग धरतात, म्हणजे नोटीस लावा, दार उघडं ठेवा. आपल्याकडे सगळं ठरतं चहाच्या टपरीवर आणि सभागृहात फक्त हात वर. तिकडे तिघांनी टपरीवर चहा पिताना पावसावरच बोलायचं.

ही पद्धत मोठी झाली ती पण पुरामुळे बरं का. ओहायोतल्या डेटन शहरात मार्च 1913 मध्ये भयंकर पूर आला, शहर बुडालं, लोकांचा राजकारण्यांवरचा विश्वास उडाला आणि त्याच वर्षी मतदान करून मॅनेजर पद्धत आणली, पहिला मॅनेजर जानेवारी 1914 ला कामावर, आणि तो होता इंजिनियर. तेवढं मोठं शहर त्याआधी कुणी असं चालवलं नव्हतं. आपल्याकडे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला, त्यानंतर काय निघालं, मिठी नदीचं एक प्राधिकरण. ते पण राज्याचं.

आणि सगळीकडे मॅनेजर नसतो हेही सांगतो. नेपरव्हिलहून तासाभराच्या अंतरावर शिकागो, तिथे पन्नास वॉर्ड, पन्नास आल्डरमन म्हणजे नगरसेवक, आणि महापौर खराखुरा मालक.

वॉर्डात_तीस_वर्षं

तिघांनी भेटायचं नाही हा नियम इथे आणला तर नगरसेवक लग्नाला तरी जातील का एकमेकांच्या 😂

गिरगावची_सुमा

आजींच्या फुटपाथचं काय झालं मग?

मुलुंडचा_नाना

तेच तर, पुढच्या मीटिंगच्या आधी माझं परतीचं विमान होतं. पण लेकीने लिंक पाठवलीय, लाइव्ह दाखवतात. तिकडचे मंगळवार संध्याकाळचे सात म्हणजे सध्या आपल्याकडे बुधवार पहाटे साडेपाच. दूधवाला येतो तेव्हा मी जागाच असतो. बघून सांगतो.