डोंगरावर ३० मीटरचा टॉवर, वाऱ्याचा लोड किती धरायचा?

मुळशीकर: नमस्कार मंडळी, गावच्या इंटरनेटसाठी मुळशीकडच्या डोंगरावर ३० मीटरचा जाळीचा टॉवर उभा करायचाय, शेंड्याला १.२ मीटरच्या दोन डिश. फॅब्रिकेटर म्हणतो ताणाचा मास्ट (तारांनी चहूबाजूंनी ओढून धरलेला खांब) घ्या, लोखंड बरंच कमी लागतं. पुण्याचा विंड स्पीड ३९ मी/से धरून माझा दाब १३१ किलो प्रति चौ.मी. आला. पुरेल का? आणि ताणाचा घेऊ की सेल्फ सपोर्टिंग (तारांशिवाय आपल्याच पायांवर उभा)?

स्ट्रक्चरवाला: दादा ३९ बरोबर आहे पण तो मोकळ्या सपाट जमिनीवर १० मीटर उंचीचा, ३ सेकंदांच्या झोताचा आकडा. ३० मीटरला उंचीचा गुणांक के-२ १.१२ आणि टॉवरच्या १०० वर्षांच्या आयुष्याचा गुणांक के-१ १.०६ तुम्ही घेतलाय म्हणूनच १३१ आलं, डोंगराच्या चढाचा गुणांक के-३ मात्र १ च ठेवलात!! वाऱ्याच्या लोडचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ (२०१५) प्रमाणे चढ ३ अंशांच्या वर गेला की तो काढावाच लागतो, १.३६ पर्यंत जातो. समजा १.२ निघाला, तर वेग वाढला २० टक्के पण दाब वेगाच्या वर्गात वाढतो म्हणून ४४ टक्के, म्हणजे १८९ किलो. एक डिश १.१३ चौ.मी., आकाराचा गुणांक न लावताच एकीवर २१४ किलो आडवा जोर आणि तोही शेंड्याला. शिडी, केबल, पुढे लागणारे अँटेना सगळं आत्ताच धरा, नंतर कुणी परत हिशोब करत नाही. सेल्फ सपोर्टिंगला वाऱ्याकडचा पाय उपटू बघतो, तिथे फाउंडेशन बहुतेक या अपलिफ्टवरच (वर उपटणाऱ्या जोरावर) ठरतं. ताणाच्या मास्टवर तारा खाली दाब देतात, उपटतो तो अँकर, म्हणजे तार जमिनीत जिथे बांधतात तो ठोकळा.

रिगर_कोकण: कागदाचं सरांनी सांगितलंच, मी जमिनीचं सांगतो. ताणाला तीन दिशांना साधारण २०-२५ मीटर जागा लागते, माथ्यावर आहे का तेवढी? तारेचा सुरुवातीचा ताण तुटण्याच्या ताकदीच्या १० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, तो वारा नसताना सकाळी गारव्यात मोजायचा, सोबत तापमान लिहून ठेवायचं. आमच्या एका साइटवर ट्रॅक्टरची फाळ अँकरच्या दांड्याला लागली, टर्नबकलचे (तार ताणायच्या स्क्रूचे) आटे वाकले आणि मास्ट बाकदार झाला, मी रात्रभर हाताने तात्पुरता ताण देऊन बसलो होतो. तेव्हापासून अँकरभोवती कुंपण नसेल तर मी चढत नाही. पोलंडमधला ६४६ मीटरचा रेडिओ मास्ट ८ ऑगस्ट १९९१ ला ताणाच्या तारा बदलतानाच कोसळला, तात्पुरता ताण हलक्यात घेऊ नका. जागा कमी आणि गुरं चरणारी असतील तर पैसे जास्त गेले तरी सेल्फ सपोर्टिंगच करा.

मुळशीकर: खूप आभार दोघांचे, के-३ खरंच सुटला होता. माथा जेमतेम १५ मीटर रुंद आहे आणि पलीकडे गायरान, त्यामुळे ताणाचा विषय संपला. जेसीबीने दीड मीटर खणलंय, खाली मुरूम लागला.

स्ट्रक्चरवाला: मग खड्डा बुजवू नका, मुरूम किती घट्ट आहे ते तपासून घ्या, अपलिफ्टला फाउंडेशनवरच्या मातीचं वजनही धरता येईल. चढाचा कोन मोजून इथे टाका, के-३ बरोबर काढून देतो.