मायक्रोवर्मचा डबा का बिघडतो

माशांच्या पिल्लांना खाऊ म्हणून ओट्समध्ये वाढवतात त्या बारीक कृमींचा, म्हणजे मायक्रोवर्मचा डबा पंधरा दिवसांत पातळ होऊन वास मारतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यात तुमची चूक नाही, डब्यात वाढवलेल्या या कल्चरचं आयुष्यच थोडं. हलका आंबट वास यीस्टचा असतो, तो चालतो. सडका वास आला की उशीर झाला म्हणून समजा. मी म्हणूनच कायम दोन डबे ठेवते, आठवड्याच्या अंतराने लावलेले. नवा डबा लावताना शिजवलेले ओट्स घट्ट हवेत आणि पूर्ण गार. मग चिमूटभर यीस्ट आणि जुन्या डब्यातलं चमचाभर मिश्रण. झाकणाला भोकं पाडून वर कापड बांधाच, नाहीतर चिलटं शिरतात. कडांवर चढलेले वर्म तेवढे बोटाने पुसून घ्या, ओट्स टाकीत गेले तर पाणी खराब होतं.

एक मात्र सांगायलाच हवं: मायक्रोवर्म तळाशी जातात. पिल्लं वरच्या थरात चरणारी असतील तर बिचारी उपाशी राहतात. त्यांच्यासाठी व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक कृमी) लावा, ते पाण्यात कित्येक दिवस जिवंत पोहत राहतात. ग्रिंडल हे पांढरे वर्म साधारण एक सेंटिमीटरचे, म्हणजे वाढलेल्या माशांसाठी. पण चरबी जास्त, रोज नकोत.