समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर माणूसच नसेल तर तो चालतो कसा?

खारावारा:
नॉर्थ सी मधल्या गॅस प्लॅटफॉर्मबद्दल वाचत होतो तर कळलं की कित्येकांवर कोणी राहतच नाही. मग मध्यरात्री गळती झाली तर बंद कोण करणार? खरंच काळजी वाटली.

प्रोसेसवाली:
अहो, बंद करायला माणूस लागतच नाही, उघडं ठेवायलाच प्रेशर लागतं! विहिरीत समुद्रतळाच्याही खाली एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो हायड्रॉलिक प्रेशरवर उघडा राहतो आणि प्रेशर गेलं की स्प्रिंगने आपोआप मिटतो, मग आग लागो नाहीतर ते प्रेशर पोचवणारी नळी (कंट्रोल लाइन) तुटो. बाकी सगळं किनाऱ्यावरून किंवा जवळच्या मोठ्या प्लॅटफॉर्मवरून बघतात.

दर्यावेडा:
मला तर हायड्रेटचा त्रास जास्त मोठा वाटतो. गॅसमध्ये पाणी असतंच, जास्त प्रेशर आणि थंडी मिळाली की हायड्रेटचा बर्फासारखा गोळा होऊन पाइप चोंदतो, तेही शून्याच्या वरच्या तापमानाला. तो होऊ नये म्हणून पाइपमध्ये मिथेनॉल किंवा ग्लायकॉल ही रसायनं सोडत राहतात, आणि त्याचा पंप बिघडला तर माणसं बोटीने नाहीतर हेलिकॉप्टरने पाठवावीच लागतात.

खारावारा:
आलं लक्षात, धन्यवाद. पण मग माणसं ठेवतच का नाहीत?

प्रोसेसवाली:
१९८८ साली नॉर्थ सी मधल्याच पायपर अल्फा प्लॅटफॉर्मवरच्या स्फोटात आणि आगीत १६७ जण गेले, तिथे माणसं राहत होती. जिथे कोणी नाही तिथे जीव जात नाही, मला हेच सगळ्यात मोठं कारण वाटतं. नॉर्वेच्या ओसेबर्ग एच या बिनमाणसांच्या प्लॅटफॉर्मवर तर राहायच्या खोल्या, हेलिपॅड, टॉयलेट काहीच नाही.